लाखनीच्या साडीचे वाचक

ज्याचं तोंडही धड आठवत नाही असा माणूस आपल्याला सोडून गेला, म्हणून कोणी जेवताना हात आखडतो का? मी आखडत होतो.

"आणखी एक गेले," मी ताटावर बसल्या बसल्या म्हणायचो. कुसुमच्या हातातली पळी तिथंच थांबायची.

"कोण गेलं वो?"

"अकोल्याचे कोणी देशपांडे."

"काय झालतं त्यायले?"

"काही नाही झालं. त्यांनी आपला मेल बंद केला."

यावर कुसुम माझ्याकडे ज्या नजरेनं पाहायची, तशी नजर मी एकदाच पाहिली आहे. रंग गेलेली साडी परत घेऊन आलेल्या एका बाईची.

हे देशपांडे आणि त्यांच्यासारखी बरीच मंडळी मला नागपूरच्या हातमाग प्रदर्शनात मिळाली. भंडारा जिल्ह्यात, अड्याळला, आमचं कोसा म्हणजे टसर रेशमी साड्यांचं दुकान आहे. विणणारे हात गावात आहेत, दुकान वडिलांपासूनचं आहे, फक्त गिऱ्हाईक कुठं जाऊन राहिलं याचा पत्ता नाही, अशी आमची गत. विणकरांची पोरं एकेक करून नागपूरच्या कंपन्यांत जाऊ लागली होती. मागाचा आवाज गल्लीत येईनासा झाला की दुकानदाराला दुकान उघडतानाच कसंसं होतं.

माझी लेक रेणू पुण्याला नोकरी करते. ती प्रदर्शनाला आली, आणि साडी हातात घेऊन 'वा!' म्हणून परत खाली ठेवणाऱ्या प्रत्येक माणसाचा ईमेल तिनं गोड बोलून मोबाइलमध्ये घेतला. "बाबा, साडी घेतली नाही तरी माणूस हातचा गेला नाही," ती म्हणाली. "आता यांना दर आठवड्याला लिहायचं. सोडायचं नाही." पुण्याला राहून रेणूची भाषा सुधारली आहे. म्हणजे तिच्या आईला ती आता फोनवर अर्धीच कळते.

मी लिहिलं. 'स.न.वि.वि., आमचेकडे शुद्ध कोसा साड्या वाजवी दरात मिळतील.' हा मेल बऱ्याच लोकांनी उघडला. दुसऱ्या आठवड्यात तेच वाक्य उलटं फिरवून पाठवलं, तो कमी लोकांनी उघडला. पुढचे मेल मी, रेणू आणि पहाटे उठणारी एक अनोळखी बाई एवढेच वाचत होतो असं वाटण्याची वेळ आली.

वाटण्याची म्हणजे, कळण्याचीच. कोणी कधी उघडला हे मशीन सांगतं. ही सोय नसती तर मी सुखी राहिलो असतो. पूर्वी पत्र डब्यात टाकलं की माणूस मोकळा व्हायचा. समोरच्यानं ते वाचलं की चुलीत घातलं, ते त्याचं त्याला माहीत. आता मला दिसायचं की कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी मेल उघडून लगेच मिटला, आणि दुपारी पुन्हा उघडला. का? पहिल्यांदा काय राहिलं होतं? दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी हाच विचार करत बसायचो, आणि गिऱ्हाईक नसायचंच.

अशा वेळी पुंडलिकराव हमखास येतात. आमचे शेजारी, कारकून म्हणून निवृत्त झालेले. जिल्हा फुटला तेव्हा ते भंडाऱ्याला दप्तरात होते, आणि गोंदियाची कागदपत्रं वेगळी काढण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्या कामाचा थकवा अजून उतरलेला नाही असं ते सांगतात.

"लोकं सोडून गेले का त्यायच्यामागे लागाचं नाही," ते म्हणाले. "अर्धा जिल्हा गेला, आपण काही केलं का? राहिले त्यायले जागं ठेवाचं. तुमी वर मथळा काय टाकता?"

"'कोसा साड्या'."

"मंग कोण उघडते? लोकायनं टपाल हातात घेतल्याबरोबर फोडलं पाहिजे. लिहा: 'अत्यंत तातडीचे.' आमच्या हापिसात दुसरं काही कोणी वाचतच नव्हतं."

मी ऐकलं. त्यांनी इतक्या अधिकारानं सांगितलं की न ऐकणं उद्धटपणाचं झालं असतं. 'अत्यंत तातडीचे: ताबडतोब वाचा.' खाली, आमचेकडे शुद्ध कोसा साड्या मिळतील.

मेल सगळ्यांनी उघडला. अमरावतीच्या एका आजींनी फोन केला. मेलखाली माझं नाव गोपाळ, त्यांच्या भावाचंही तेच, आणि तो दवाखान्यात होता. साडीच्या ओळीपर्यंत येईतो त्या तिघांना फोन करून बसल्या होत्या. त्यांनी मला जे ऐकवलं ते त्यांच्या वयाला शोभणारं नव्हतं, पण प्रसंगाला शोभणारं होतं. आणखी काहींनी तक्रार केली, आणि दुसऱ्या दिवशी आमचं खातंच बंद पडलं. मेल जाईना. रेणूनं सांगितलं, अर्ज भरा, आणि तुम्ही खरोखर माणूस आहात हे सिद्ध करा.

माणूस असल्याचं सिद्ध करण्याची वेळ साठीला येईल असं वाटलं नव्हतं. पडद्यावर नऊ चौकटी आल्या. 'सिग्नल असलेल्या चौकटी निवडा.' अड्याळला सिग्नल नाही. पुंडलिकराव चष्मा लावून शेजारी बसले.

"दिवा या खान्यात हाये, पण खांब त्या खान्यात गेला. खांब धराचा का नाही?"

"सिग्नल म्हणजे दिवा," मी म्हणालो.

"खांबाशिवाय दिवा कायच्यावर राहीन जी? नियमानं खांब अन् दिवा एकच. आमच्याकडे बिलबी एकच निघे."

खांब धरला. आम्ही माणूस नाही असं ठरलं. मग पुलांच्या चौकटी आल्या, मग बसच्या. शेवटी कुसुमनं हात पुसत येऊन, आमच्या दोघांच्या मधून बोट घालून चार चौकटी दाबल्या आणि ती माणूस निघाली.

रेणूचा रागाचा फोन आला. "बाबा, विकू नका हो एवढं. सांगा काहीतरी. काय चाललंय तिकडे, कोण विणतंय, कसं विणतंय. पुढं काय होणार अशी उत्सुकता वाटली की लोक थांबतात."

म्हणून मी इश्वरच्या घरी गेलो. इश्वर आमचा सगळ्यात चांगला विणकर, आणि हे त्याला कोणी सांगावं लागत नाही, तो स्वतःच सांगतो. त्याच्या मागावर तेव्हा लाखनीच्या शकुंतलाबाईंची साडी लागली होती. लाखनीला हायवेवर त्यांची खानावळ आहे, ट्रकवाले जेवायला थांबतात. त्यांच्या मुलीचं, स्वातीचं, सानगडीच्या नीलेशशी जमलं होतं. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, साडी मुलाकडची असते, पण सानगडीच्या मंडळींनी 'पोरीच्या आवडीची तुमीच बनवून घ्या' म्हणून मोकळीक दिली होती, आणि स्वातीनं करवतकाठी कोसाच पाहिजे म्हणून हट्ट धरला होता.

मी घरी येऊन जे पाहिलं ते लिहिलं. करवतकाठी साडीच्या काठाला करवतीसारखे दात असतात. ते काढायला आडवा धागा नेणारे तीन धोटे फिरवावे लागतात, आणि शेजारी मदतीला माणूस लागतो. इश्वरच्या मदतीला त्याचा मेव्हणा बसला होता. तो मध्येच तंबाखू घोटायला उठला, आणि एक दात वाकडा आला. इश्वरनं तेवढा भाग उकलला. मेव्हणा रागावून घरी गेला. साडी अजून मागावर आहे. आपला, गोपाळराव.

साड्या मिळतील हे लिहायचं मी विसरलो.

संध्याकाळी पहिलं उत्तर आलं. नागपूरच्या बोरकुटे मॅडम, निवृत्त शिक्षिका. त्याच त्या पहाटे मेल उघडणाऱ्या बाई. एकच ओळ: 'मेव्हणा परत आला का?'

मी ती ओळ कितीदा तरी वाचली. माझ्या दुकानाच्या आयुष्यात मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मग कोल्हापूरच्या गृहस्थांचं आलं: 'मेव्हण्याची चूक नाही, तंबाखूची आहे.' मग एकीचं: 'उकललेला धागा परत वापरतात का?' मला उत्तर माहीत नव्हतं. चाळीस वर्षं कोसा विकतोय, उकललेल्या धाग्याचं काय होतं हे मी कधी विचारलं नव्हतं. मी चपला घालून परत इश्वरकडे गेलो.

तिथून माझं दुकान कुसुमकडे आणि मी इश्वरकडे, अशी वाटणी झाली. लोक विचारायचे, मी जाऊन पाहायचो आणि आठवड्याची वाट न पाहता रोज कळवायचो. कोसा असा मातकट पिवळा का दिसतो? विणकर गाणं म्हणतात का? इश्वर गाणं म्हणत नाही, मेव्हण्याला शिव्या देतो. मी 'गुणगुणतो' असं लिहिलं. मेव्हणा परत आला तेव्हा बोरकुटे मॅडमनी 'देव पावला' म्हणून कळवलं. सोडून जाणाऱ्यांची रांग थांबली. उलट लोक आपल्या बहिणी-भावजयांची नावं धाडू लागले.

इश्वरला सुरुवातीला हे सगळं फालतू वाटलं. मग मी एकदा वाचकांना विचारलं, काठ लाल बरा की मोरपंखी? मोरपंखी जिंकला. ही बातमी घेऊन मी गेलो तेव्हा इश्वरनं धोटा खाली ठेवला.

"काठाचा रंग ताण्याच्या उभ्या धाग्यातच भरला राह्यते जी. आता विचारून काय फायदा? लगन झाल्यावर कोणी पत्रिका जुळवते का?"

"लोकांनी एवढ्या हौसेनं सांगितलं रे."

"कोण लोकं? माग माझा, हात माझे, अन् रंग कोल्हापूरवाला सांगन? जा म्हणा, तिकडे विणून घे."

मी त्याचं हे उत्तर जसंच्या तसं पाठवून दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक इश्वरवर फिदा झाले. 'कलावंत असा पाहिजे.' 'इश्वरजींचा फोटो पाठवा.' मी हे त्याला वाचून दाखवलं. पुढच्या वेळी गेलो तर त्यानं केसांना तेल लावून भांग पाडला होता आणि अंगात मुलीच्या लग्नातला सदरा होता. मेव्हण्याला फोटोच्या बाहेर सरकायला सांगितलं. मेव्हणा परत रागावून गेला. वाचकांना ते पुन्हा कळवावं लागलं.

या सगळ्यात साडी पुढं सरकतच होती. पदर जवळ आला. रेणू फोनवर म्हणाली, "बाबा, ही साडी संपली की लोक उठून जातील. त्याच्या आत दुसरं काहीतरी उभं करून ठेवा."

तिचं म्हणणं, दुसऱ्या साडीची गोष्ट सुरू करा. मी ऐकलं ते एवढंच की साडी संपली तर लोक जातील. माणसाला जे ऐकायची भीती असते तेच नीट ऐकू येतं.

मी इश्वरला म्हणालो, "जरा हळू घे."

"हळू विणाचं म्हणजे कसं? हात चालते तं चालते."

"तसं नाही. पदर म्हणजे महत्त्वाचा भाग. लोक वाट पाहून राहिले. नीट, सावकाश..."

'लोक वाट पाहून राहिले' हे त्याला पटलं. तो चार दिवस सावकाश विणू लागला, म्हणजे विणेचना. मासेमारीवाल्या मित्राबरोबर तलावावर जाऊन बसू लागला. मी लिहिलं, 'आज मागाला विसावा आहे. मोठ्या कामाआधी कलावंत पाण्याकाठी जातो.' बोरकुटे मॅडमना ते फार आवडलं. मी तेवढ्यावर न थांबता भरात आणखी एक वाक्य टाकलं: येत्या रविवारी लाखनीला, हायवेवरच्या खानावळीमागच्या मांडवात, ही साडी प्रथमच नेसली जाईल.

एवढंच. यात निमंत्रण कुठं आहे, हे मला अजूनही कोणी दाखवून द्यावं.

शकुंतलाबाईंचा फोन यायचा. "गोपाळभाऊ, साडी?"

"होऊन राहिली ताई. एक नंबर होऊन राहिली."

"होऊन राहिली म्हणजे झाली का नाही झाली?"

"झाल्यातच जमा आहे."

शुक्रवारी त्यांनी मला फोन न करता कुसुमला केला. मी दुकानात होतो. कुसुम मागच्या दारानं आली, तिनं डोक्यावर पदर घेतला होता आणि पायात चपला घातल्या होत्या. चपला घालून ती दुकानात कधी येत नाही.

"इश्वर चार दिवसापासून तलावावर काहून बसून हाये?"

मी सांगू लागलो. वाचक, उत्सुकता, पदर. ती सगळं ऐकून घेते, हा तिचा गुण. मग म्हणाली, "म्हणजे पोरीच्या साक्षगंधाची साडी तुमी लोकायच्या गंमतीसाठी अडवून ठेवली."

"गंमत नाही ग. सगळ्या विणकरांच्या पोटाचा प्रश्न आहे."

"पोटाचा प्रश्न साडी विणल्यानं सुटते. न विणल्यानं सुटते हे मी आजच ऐकून राहिली."

ती सरळ इश्वरच्या घरी गेली. कुसुमचं माहेर मोहाडीचं, बाप विणकर, धोट्यासाठी धाग्याच्या कांड्या भरत लहानाची मोठी झालेली. तिनं मेव्हण्याला त्याच्या घरून उठवून आणलं. तलावावर निरोप धाडला की येतो का मी येऊ. इश्वर आला. भांग न पाडता आला. शुक्रवारची दुपार आणि अख्खा शनिवार ती मागाशेजारी कांड्या भरत बसली, आणि ती बसली असताना इश्वरला ना तहान लागली, ना मेव्हण्याला तंबाखूची आठवण झाली. मी दारात गेलो तर ती म्हणाली, "तुमी दुकान पाहा. अन् हे लिहू नका." वाचकांना त्या दोन दिवसांत काहीच कळवता आलं नाही. मला शनिवारी रात्री नीट झोप लागली नाही. एवढी लोकं बिचारी अंधारात होती.

रविवारी सकाळी साडी मागावरून उतरली. काठाचे दात असे की बोट फिरवावं तर टोचतील असं वाटावं. इश्वर सदरा घालून तयारच होता. "मी येतो," म्हणाला. "लोकायले विचाराचं राहीन तं?" मी त्याला सांगितलं, तिथं कोण लोक येतात? पुंडलिकरावही गाडीत बसले. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

लाखनी आलं आणि हायवेवर ट्रकांची रांग लागलेली. आम्ही अडकलो. कुसुम साडी मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी ती उतरली आणि ट्रकांच्या बाजूबाजूनं चालायला लागली, मागून मी, इश्वर, आणि 'हा रस्ता चौपदरी झाला तेव्हाच मी म्हणलो होतो' असं सांगत पुंडलिकराव.

मांडवापाशी पोहोचलो तर बाहेर एक मिनीबस, तीन-चार गाड्या, आणि अनोळखी माणसांचा घोळका. जरीच्या साड्या नाहीत, कोसा साड्या. हातात फोन. एक पांढऱ्या केसांच्या बाई पुढं झाल्या, त्यांनी इश्वरला निरखून पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"इश्वरजी! मेव्हणे नाही आले?"

बोरकुटे मॅडम. मी त्यांना उंच, करड्या आवाजाच्या समजत होतो. त्या माझ्या खांद्याला लागत होत्या आणि आवाज मांजरीच्या पिल्लासारखा. आणि शेजारी उभा असलेला, बारीक मिशीचा तरुण पोरगा म्हणजे कोल्हापूरचे गृहस्थ. मला क्षणभर आपण कुठं आणि कशासाठी आलो आहोत याचा विसरच पडला. एकेकाला विचारावंसं वाटत होतं, तुम्ही कोणते?

शकुंतलाबाईंनी मला विसरू दिलं नाही. "भाऊ, हे कोण लोकं होत? सकाळपासून येऊन राहिले. 'आमी वाचतो' म्हणतात. काय वाचतात?"

मी उत्तर देण्याआधीच आतून आवाज चढला. नीलेशचे मोठे काका, भोजराज, खुर्चीवरून उठले होते. सानगडीकडच्यांना 'जागा लहान हाये, मोजकेच या' असा निरोप गेला होता. काकांनी त्यासाठी आपल्या दोन साळ्यांना घरी ठेवलं होतं. आणि इथं मुलीकडची मिनीबस भरून माणसं!

"आमच्या साळ्यायले जागा नाही, अन् तुमच्या नागपूरवाल्यायले हाये? हे कोणतं मोजकं?"

"ते आमचे नाही जी!" शकुंतलाबाई म्हणाल्या.

"मंग कोणाचे?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पुढं झालो. सानगडीच्या एका रागावलेल्या काकाला सब्सक्राइबर म्हणजे काय हे समजावून सांगणं, हे काम मी शत्रूवरही सोपवणार नाही.

"हे वाचक आहेत. मी यांना रोज पत्र लिहितो."

"कायबद्दल?"

"या साडीबद्दल."

"साडीबद्दल रोज काय लिहाचं राह्यते?" काकांचे डोळे बारीक झाले. "म्हणजे साडी होऊन राहिली म्हणून तुमी सांगत होते, तेव्हा तुमी पत्र लिहून राहिले होते?"

पुंडलिकराव मदतीला धावले, "तसं नाही जी, नियमानं पाहिलं तं..." त्यांना कुसुमनं हाताला धरून मागं ओढलं. काकांनी टोपी उचलली. नीलेशची आई उठली. माझ्या मनात पहिल्यांदाच उघडलेल्या आणि न उघडलेल्या मेलांखेरीज दुसरा विचार आला, की इथं एका पोरीचं जमलेलं मोडू शकतं.

कुसुम केव्हाच आत गेली होती. साडी घेऊन. आतून स्वातीचा आवाज आला, "आणली का? मी दुसरी काढून ठेवली होती. गोपाळकाकावर कोण भरोसा ठेवते?" हे मांडवातल्या सगळ्यांनी ऐकलं. माझ्या वाचकांनीही.

मग ती बाहेर आली. मातकट पिवळा कोसा, लाल काठ. बोरकुटे मॅडमनी तोंडावर हात ठेवला. "हाच तो दात," त्या पुटपुटल्या. "जो वाकडा आला होता."

"कोणता दात?" नीलेशच्या आईनं विचारलं.

"उकलून परत विणला ना! मेव्हणे रागावून गेले होते तेव्हा."

"कोणाचे मेव्हणे?"

मॅडम म्हणजे शाळेत शिकवत आलेल्या बाई. त्यांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. कोल्हापूरचा पोरगा मध्येच दुरुस्त करायचा, "नाही, रंगाचं नंतर झालं." सानगडीच्या बायका खुर्च्या ओढून जवळ आल्या. इश्वर मध्ये उभा राहून, कोणी न विचारता, तीन धोटे हातांनी फिरवून दाखवत होता. टोपी हातात धरून काका उभे होते, जायचं की नाही या विचारात, पण एक कान तिकडे. मॅडम तलावापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"पुढचं आम्हालाही माहीत नाही. दोन दिवस मेलच आला नाही."

काकांनी टोपी डोक्यावर घातली आणि खुर्चीवर बसले. "मंग काय झालं?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "सांगा न आता. अर्ध्यात काहून सोडलं?"

मी कुसुमकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. मग मी मांडवात उभं राहून ते दोन दिवस सांगितले, निरोप धाडल्यासकट, 'तुमी दुकान पाहा'सकट. लोक हसले. काका सगळ्यात मोठ्यानं हसले, आणि मग साक्षगंध व्यवस्थित पार पडलं. नीलेश पूर्ण वेळ स्वातीकडे पाहत होता. साडीकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

जेवणाचं खानावळीतून भागलं. त्यामुळं त्या दिवशी ट्रकवाल्यांचं वरण संपलं, आणि ते का संपलं हे पाहायला ट्रकवालेही मांडवात आले. त्यांनाही वाढलं. रांगेत वाढायला शकुंतलाबाईंनी मला लावलं. "तुमचे पाव्हणे, तुमीच वाढा," त्या म्हणाल्या, आणि भाताचं भगोणं माझ्या हातात दिलं.

नंतर मी शेवटचा मेल लिहिला. साडी नेसली, मुलगी छान दिसली, आज विकायला काही नाही. रेणू वैतागली, "खाली दुकानाचा नंबर तरी टाका बाबा!" पण नंबर न टाकताही फोन आले. त्या बसमधल्या बायकांनी आपापल्या साड्या सांगितल्या, आणि गल्लीतले चार माग पुन्हा लागले. तरी काही लोक सोडून गेलेच. गोष्ट संपली, त्यांनी हात धुतले. कोल्हापूरच्या पोरानं मात्र जाता जाता 'मेव्हण्यांना नमस्कार' असं लिहिलं, त्यामुळं त्याचा राग आला नाही.

आठवडाभरानं मी इश्वरकडे गेलो. मागावर काहीतरी लागलं होतं, पण त्यावर चादर टाकलेली.

"काय लावलं रे?"

"सांगन न. घाई काय हाये?"

"अरे, दुकान माझं आहे."

"अर्धी झाली का दाखवतो," इश्वर म्हणाला, आणि मेव्हणा दार लोटून घेऊ लागला.

चादरीखालून एक हिरवट धागा बाहेर आला होता. हिरवा की मोरपंखी, ते उजेडात गेल्याशिवाय सांगता येईना, आणि दार तर लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो. इश्वरच्या ओट्यावर पुंडलिकराव भिंतीला कान लावून बसले होते.

"काही कळलं?" मी विचारलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "गप राहा न जी. धोटे किती चालून राहिले ते मोजून राहिलो. तीन असले तं करवतकाठीच."

मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसून भिंतीला कान लावला.